मतदानाचा खाडा

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा माझ्या चौथीच्या वर्गात बावीसपैकी तेरा मुलं होती. आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. पाडवा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, भांडी, शेळी, कोंबड्या आणि त्यावर बसलेली माणसं. काही लेकरं आईबापाबरोबर फडावर जातात, काही आजीआजोबांपाशी राहतात आणि हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर शाळा करतात. तेरा म्हणजे त्या मानानं बरी पटसंख्या.

साल २०२४. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि मतदार जागृतीसाठी शाळांना संकल्पपत्रं आली होती. मुलांनी ती घरी न्यायची, आईवडिलांनी 'आम्ही मतदान करू' असं लिहून खाली सही करायची आणि मुलांनी परत आणायची. मी कागद वाटले. मतदान म्हणजे काय, बोटाला शाई का लावतात, मशीनवरचं निळं बटण कसं दाबतात, सगळं सांगितलं. हे सांगायला मला मनापासून आवडतं.

दुसऱ्या दिवशी एक पोरगी कोरा कागद घेऊन टेबलापाशी उभी राहिली.

"बाई, मायची सही कुठून आणू? माय तर कारखान्याला गेली."

मी पटकन म्हणाले, "आजीचा अंगठा घेऊन ये."

तिनं आणला. आईच्या नावापुढे आजीचा अंगठा, जांभळ्या शाईचा, थोडा फाटलेला. तसे आणखी सात कागद माझ्याकडे जमले. केंद्रशाळेला माहिती गेली : संकल्पपत्रे वाटप तेरा, प्राप्त तेरा. ती माहिती माझ्या सहीनं गेली आणि ती खोटी होती. मला ते अजून लागून राहिलंय. ज्या बाईनं मत द्यायचा संकल्प केलेला नाही, ज्या बाईला तो करता येण्याची सोयच नाही, तिच्या नावानं मी शासनाला वचन दिलं.

याच्या आठपंधरा दिवस आधी भाऊबीजेला पुण्यात धाकट्या भावाकडे गेले होते. जेवताना निवडणुकीचा विषय निघाला. तो म्हणाला, "ताई, मतदान सक्तीचं करून टाकायला पाहिजे. जो देणार नाही त्याला दंड. रेशन बंद, पासपोर्ट बंद. मग बघ कसे सरळ येतात ते." त्याचा संताप खरा आहे. २०१९ च्या लोकसभेला पुण्यात निम्मेसुद्धा मतदार आले नव्हते. सोसायटीतली माणसं जोडून सुट्टी आली की लोणावळा, कोकण गाठतात, हे तो दर वेळी डोळ्यांनी बघतो. मुंबईत कुलाब्यासारख्या भागात तर शंभरातले पंचेचाळीससुद्धा येत नाहीत. त्या रात्री मीही मान डोलावली. पंधरा वर्षांत सात निवडणुकांची ड्यूटी केलेली बाई आहे मी. रात्री वर्गाच्या फरशीवर चटई टाकून झोपायचं, पहाटे चारला उठून थंड पाण्यानं अंघोळ करायची, मशीन मांडायची, आणि एवढं करून निम्म्या लोकांनी फिरकायचंच नाही, याचा राग मला भावापेक्षा जास्त येतो.

पण त्या जांभळ्या अंगठ्यानंतर मी हिशेब मांडायला बसले.

त्या पोरीचे आईबाप म्हणजे एक कोयता. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा असतो. टनाला तेव्हा ३६६ रुपये. जोडीनं दिवसभर राबून दोन टन तोडला तर सातशे बत्तीस. त्यांची टोळी होती कोल्हापूरकडे, इथून तीनशे किलोमीटरच्या वर. त्या वर्षी गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं आणि मतदान २० ला. म्हणजे कोप्या, राहायच्या झोपड्या, उभ्या करून, फडाला हात लावून चार दिवस होतायत न होतायत तोवर परत गावाकडे यायचं. यायला एक दिवस, जायला एक दिवस. एसटीत बाईला अर्धं तिकीट असलं तरी दोघांचं येणंजाणं दीड हजाराच्या घरात. दोन दिवसांची तोड बुडाली, ते पुन्हा दीड हजार. आणि वर खाडा.

खाडा म्हणजे कामावर न आल्याचा दंड. मुकादम तो उचलीवर चढवतो. अंगात ताप असला तरी खाडा, लेकरू आजारी पडलं तरी खाडा, बाईची पाळी आली आणि पाठ मोडली तरी खाडा. माणशी दिवसाला पाचशे धरले तर दोघांचे दोन दिवसांचे दोन हजार. सगळी बेरीज पाच हजारांच्या आसपास जाते. एका मताची नाही, दोन मतांची ही किंमत, आणि ती ज्याच्याकडे नाही त्यानं भरायची.

कायदा काय म्हणतो ते मला ड्यूटीच्या प्रशिक्षणामुळे ठाऊक आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम १३५ ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यावी लागते, रोजंदारीवाल्यालासुद्धा. मालकानं दिली नाही तर मालकाला दंड, जास्तीत जास्त पाचशे रुपये. म्हणजे सुट्टी नाकारणाऱ्या मालकाला कायद्यानं होऊ शकणारी जास्तीत जास्त शिक्षा आणि फडात एका बाईला एका दिवसाला लागणारा खाडा, दोन्ही एकाच मापाचे. आणि उसाच्या फडात मालक कोण? कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो कारखाना. हजेरीपत्रक नसतं, पगाराची पावती नसते. पगारी सुट्टी कुणाकडे मागायची?

आता यावर मतदान न केल्याचा दंड बसवून पाहा. गुजरातनं हे करून पाहिलंय. तिथल्या स्थानिक संस्थांच्या निवडणुकांत मतदान सक्तीचं करणारं विधेयक २००९ मध्ये मंजूर झालं, राज्यपालांची मंजुरी २०१४ मध्ये मिळाली, २०१५ मध्ये नियम आले, दंड ठरला शंभर रुपये. त्याच वर्षी उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. शंभर रुपये माझ्या भावाच्या सोसायटीतल्या माणसाला काहीच नाहीत, लोणावळ्याच्या टोलमध्येच ते जातात. माझ्या विद्यार्थिनीच्या आईला मात्र गेलं तर मुकादमाचा खाडा आणि नाही गेलं तर सरकारचा खाडा. ज्याच्यावर राग आहे तो सुटतो आणि जिच्यावर कुणाचाच राग नाही ती दोन्हीकडून कापली जाते. त्या दिवसापासून मी सक्तीच्या बाजूची राहिले नाही.

'मतदान न करणारा बेफिकीर' असं आपण सर्रास म्हणतो. मी बेफिकीर माणसं पाहिली आहेत. पण मशीनवर शून्य दिसतं ते नेहमी बेफिकिरीचंच असतं असं नाही, हे मला २०१९ च्या लोकसभेनं शिकवलं. दुष्काळाचं वर्ष. १८ एप्रिलला मतदान. मी केंद्राध्यक्ष म्हणून एका छोट्या गावात होते. गाव मोठ्या रस्त्यापासून आत, विहिरी कोरड्या, टँकर वेळेवर येत नव्हता. आदल्या संध्याकाळीच सरपंचांनी येऊन सांगितलं, "बाई, तुमची जेवणाखाण्याची सोय करतो, पण मत कुणी देणार नाही."

सकाळी अभिरूप मतदान घेतलं. पन्नास मतं टाकायची, मोजायची, मग सगळं पुसून मशीन शून्यावर आणायचं आणि ते शून्य उमेदवारांच्या एजंटांना दाखवायचं. ते शून्य मला फार आवडतं. कुणाचंही एक मत आधीपासून आत नाही, याची ती खात्री असते. सात वाजता दार उघडलं. नऊ वाजता झोनल अधिकाऱ्यांचा फोन : किती? शून्य. अकराला पुन्हा : शून्य. दारात पोलीस, आत आम्ही चौघं, समोर लिंबाखाली सगळं गाव बसलेलं. म्हातारी माणसंसुद्धा. कुणी आरडाओरड केली नाही, कुणी आम्हाला वाईट बोललं नाही. एका आजीनं तर घागरीतलं पाणी आणून दिलं, त्या दुष्काळात. मी तांब्या हातात घेतला आणि मला पिववेना.

बारानंतर साहेबांची गाडी आली. लिंबाखाली बैठक झाली. पहिला टँकर गावात शिरला तेव्हा अडीच वाजले होते, आणि पाऊण तासात माझ्या दारापुढे रांग लागली. सहा वाजता रांगेत अजून माणसं होती. नियमाप्रमाणे मी शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढे आले, म्हणजे सहानंतर मागे कुणी उभं राहू शकत नाही आणि आधी आलेला कुणी हुकत नाही. शेवटची चिठ्ठी पाणी देणाऱ्या त्या आजीच्या हातात होती.

त्या गावानं मत न देण्याचा उपयोग केला. त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. सक्ती असती तर सकाळी सातलाच त्यांना रांगेत उभं राहावं लागलं असतं आणि साहेबांची गाडी आली नसती. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये 'नोटा'चा निकाल देताना मत न देण्याच्या हक्काचाही विचार केला. २०१५ मध्ये विधी आयोगानं आपल्या २५५ व्या अहवालात सक्ती नकोच म्हणून सांगितलं. मी ते निकाल आणि अहवाल नंतर वाचले. लिंबाखालचं गाव आधी पाहिलं होतं म्हणून ते समजायला सोपे गेले.

आता माझ्या स्वतःच्या मताची गोष्ट सांगते, कारण या सगळ्यात मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. २०१९ च्याच ऑक्टोबरमध्ये विधानसभा झाली. ड्यूटी शेजारच्या मतदारसंघात. टपाली मतपत्रिकेसाठी मी वेळेत नमुना १२ भरून दिला. मतपत्रिका आलीच नाही. तीन ठिकाणी चौकशी केली, प्रत्येकानं दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवलं. शेकडो लोकांच्या बोटांना माझ्या केंद्रावर शाई लागली आणि माझं बोट कोरं राहिलं. मी रडले होते त्या रात्री, हे घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही. सरकारी यादीत त्या वर्षी मी मतदान न करणारी आहे.

२०२४ ला प्रशिक्षणाच्या ठिकाणीच टपाली मतदानाचं सुविधा केंद्र होतं. ओळखपत्र दाखवलं, मतपत्रिका घेतली, आडोशाला जाऊन खूण केली, पाकीट चिकटवलं, पेटीत टाकलं. पंधरा मिनिटं लागली. दोन्ही वेळा बाई मीच होते. माझी इच्छा तेवढीच होती, मतदानावरचा विश्वास तेवढाच होता. मला कुणी समजावलं नाही, दंडाची भीती घातली नाही. पेटी माझ्याजवळ आणून ठेवली, एवढंच झालं.

म्हणजे जमतं. जिथे मनावर घेतात तिथे जमतं. २०२४ मध्येच पंच्याऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांचं मत घरी जाऊन घेतलं. आमच्या शेजारच्या गल्लीत एका आजोबांसाठी पथक आलं होतं, सोबत पोलीस, व्हिडिओवाला आणि पुठ्ठ्याचा आडोसा. आजोबांनी त्या दिवशी स्वच्छ धोतर नेसलं होतं. काश्मीर खोऱ्यातून विस्थापित झालेल्यांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास मतदान केंद्रं असतात. सैनिकांना टपाली मत आहे. दूरस्थ मतदानाचं यंत्रही निवडणूक आयोगानं तयार करवलं होतं, जानेवारी २०२३ मध्ये मान्यताप्राप्त पक्षांना ते दाखवायला बोलावलं होतं. पक्षांचं एकमत झालं नाही आणि ते तिथेच अडलं. पण यंत्राचीही वाट बघायला नको. त्याच १९५१ च्या कायद्याच्या कलम ६० मध्ये, आयोग सरकारशी विचारविनिमय करून एखाद्या वर्गाला टपाली मतदानाची मुभा देऊ शकतो. ऊसतोड कामगार हा तसा वर्ग का नसावा? ते कुठे आहेत हे कुणाला माहीत नाही असं नाही. कोणती टोळी कोणत्या कारखान्याला, किती कोयते, कोणता मुकादम, सगळं करारात लिहिलेलं असतं. कारखान्याच्या गाडीसेंटरवर, जिथे टोळ्यांचा तळ असतो तिथे, मतदानाच्या आधी दोन दिवस एक पथक बसवा. लाखो मतांचा प्रश्न आहे.

मेलबर्नला माझी भाची असते, आता तिथली नागरिक आहे. तिनं ३ मे २०२५ च्या निवडणुकीत मत दिलं. तिथे १९२४ पासून मतदान सक्तीचं आहे. त्याआधीच्या १९२२ च्या निवडणुकीत साठ टक्केही लोक आले नव्हते, कायद्यानंतर १९२५ ला नव्वदच्या वर गेले. भाऊ मला हाच दाखला देतो. म्हणून मी भाचीला फोन करून नीट विचारलं. ती म्हणाली, "मावशी, दंड वीस डॉलर आहे, पण दंडाचं कुणी बोलतसुद्धा नाही. मतदान शनिवारी असतं. मी तर आठवडाभर आधीच ऑफिसच्या वाटेवर देऊन आले. आपल्या राज्यातल्या कुठल्याही केंद्रावर देता येतं, दुसऱ्या राज्यात असलं तरी सोय असते, टपालानं देता येतं." दूरच्या वस्त्यांवर तर फिरती पथकं आधी जाऊन मतं घेऊन येतात. हे ऐकल्यावर मला वाटलं, तिथल्या सरकारनं सक्ती आधी स्वतःवर करून घेतली आहे. आपल्याकडे आधी तेवढं करा. कोल्हापूरच्या फडातल्या बाईला फडाजवळ मत देता येऊ द्या. त्यानंतर माझा भाऊ दंडाचा विषय काढेल तेव्हा मी त्याच्याशी खुशाल बसून बोलेन.

२० नोव्हेंबरच्या संध्याकाळी मशीन बंद करून, १७ क हा मतांच्या हिशेबाचा नमुना भरून, एजंटांच्या सह्या घेऊन झाल्यावर माझ्या सहकाऱ्यानं मतदार यादीची खुणेची प्रत माझ्यापुढे ठेवली. जो मत देऊन जातो त्याच्या चौकटीवर तिरकी रेघ मारलेली असते. एरवी मी ती प्रत पाकिटात घालून लाख लावते. त्या दिवशी पानं उलटत बसले. एकाच घरक्रमांकाच्या चौकटी एकाखाली एक. वय ७२, बाई, रेघ आहे. वय ३६, पुरुष, कोरं. वय ३१, बाई, कोरं. वय १९, कोरं. त्याखालचं घर तसंच. आख्खं पान तसं. फोटोतली ती तरुण माणसं वर बघत होती आणि रेघा फक्त म्हाताऱ्यांवर होत्या. ऊसतोड्यांच्या वस्तीचं पान उघडलंय हे नाव न वाचता कळत होतं.

मार्च २०२५ अखेर टोळ्या परतल्या. मे महिन्यात त्या पोरीची माय दाखला न्यायला शाळेत आली, पोरगी आता पाचवीला जाणार होती. हातांवर पाचटाचे चरे अजून होते. मी कपाटातून ते संकल्पपत्र काढलं, मी ते ठेवून घेतलं होतं, आणि तिच्यापुढे ठेवून सांगितलं की तुझ्या जागी मी आजीचा अंगठा घेतला, माझं चुकलं. तिनं कागद उलटसुलट करून बघितला.

मी विचारलं, गाडी आली नव्हती का? उमेदवारांच्या गाड्या फडावर जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कायद्यानं मतदारांना असं फुकट वाहून आणणं हा भ्रष्टाचार ठरतो, तरी जातात.

"आली व्हती की. पन ज्याच्या मताची खात्री, त्याला गाडीत जागा. आमाला इचारलं, कुनाला देनार? हे म्हनले, ते आमचं आमी बघू. मग ऱ्हायलो तिथंच."

तिनं माझा पेन मागितला. अंगठ्याच्या शेजारी सावकाश नाव लिहिलं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट आणि आडनावासकट. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे, मला माहीत नव्हतं. मग विचारलं, "बाई, जिल्हा परिषदेचं मतदान कधी हाय?"

आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक होता. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं होतं, ते मी तिला सांगितलं. तिनं बोटांवर महिने मोजले.

"दिवाळीच्या आत घ्या म्हनावं, बाई," ती म्हणाली. "दिवाळीच्या आत आमी सगळे हावोत."

हे कुणाला सांगायचं ते मला माहीत नाही, म्हणून इथे लिहिलं.